प्रोफेसरांचा पगार आणि बंगाल केमिकलचा कारखाना

१८८९ साली कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात रसायनशास्त्राच्या एका तरुण अध्यापकाची नेमणूक झाली. पगार दरमहा २५० रुपये. हा तरुण एडिंबरो विद्यापीठाची डी. एस्सी. पदवी घेऊन आला होता. परत आल्यावर जवळजवळ वर्षभर त्याला काम नव्हते, आणि त्या काळात तो आपले मित्र जगदीशचंद्र बसू यांच्या घरी राहत होता. एवढीच विद्वत्ता असलेला इंग्रज असता तर त्याला वरच्या दर्जाच्या नोकरीत घेऊन कितीतरी अधिक पगार दिला गेला असता. नेमणूक हाती पडल्यावर या तरुणाने शिक्षणखात्याचे मुख्य सर आल्फ्रेड क्रॉफ्ट यांच्याकडे गाऱ्हाणे नेले. साहेबांनी उत्तर दिले त्याचा मतलब असा, की ही जागा घ्याच म्हणून तुमच्यावर कोणी जबरदस्ती केलेली नाही. जगात दुसरे उद्योग पुष्कळ आहेत.

तो तरुण म्हणजे आचार्य प्रफुल्लचंद्र राय. नोकरी त्यांनी घेतली; आणि तीन वर्षांनी, १८९२ साली, दुसरा उद्योगही सुरू केला.

विज्ञान शिकलेल्या माणसाने व्यापारात उतरावे की नाही, उतरायचे तर कसे, हा प्रश्न अलीकडे घरोघर निघतो. मुलगा किंवा मुलगी रसायनशास्त्रात डॉक्टरेट करते, पुढे कॉलेजातली जागा मिळत नाही, किंवा मिळते ती तासांवर पैसे देणारी. मग औषधांच्या कंपनीत जावे, की चार मित्र मिळून स्वतःचेच काही काढावे? अशा वेळी आईबाप मोठमोठ्या कारखानदारांची चरित्रे पुढे करतात. त्या चरित्रांत धाडस असते, दूरदृष्टी असते. पण कारखाना उभा राहत होता त्या दिवसांत घरी किराणा कोणाच्या पैशाने येत होता, हे बहुधा लिहिलेले नसते. आमचा जन्म कामगार चळवळीत गेला. इंग्रजी आम्ही शिकलो तेच मुळी कंपनीच्या फाटकावर लागणाऱ्या नोटिसा वाचता याव्यात म्हणून. त्यामुळे कोणतीही थोर हकीकत वाचताना आमची नजर आधी पगारपत्रकाकडे जाते. आचार्य रायांचे १९३२ साली निघालेले इंग्रजी आत्मचरित्र आम्हाला फोर्टातल्या पदपथावर जुन्या पुस्तकांत मिळाले. तेही आम्ही याच खोडीने वाचले, आणि वाचता वाचता नेहमीच्या गोष्टीपेक्षा निराळेच काहीतरी दिसू लागले.

अप्पर सर्क्युलर रोडवरील ९१ नंबरचे भाड्याचे घर हा त्यांचा पहिला कारखाना. भांडवल सातआठशे रुपये, तेही पगारातून मागे टाकलेले. वडिलांचे कर्ज डोक्यावर होते आणि त्याचे हप्तेही याच पगारातून जात होते. राय हे काही पिढीजात व्यापाऱ्याच्या घरचे नव्हेत. वडील जेसोर जिल्ह्यातील जमीनदार, आणि जमीनदारी खालावलेली. घेणे-देणे, उधारी, मालाची आवक-जावक यांचा अनुभव शून्य. हाताशी होती ती केवळ विद्या.

आणि नुसत्या विद्येचे काय होते, ते लगेच दिसले. प्रथम त्यांनी लिंबाच्या रसापासून सायट्रिक ॲसिड करून पाहिले. झाले, पण लिंबांचा भाव आणि निघणारा माल यांचा मेळ बसेना. मग साजीमातीपासून सोडा करून पाहिला. तोही झाला. पण तिकडे विलायतेत ब्रनर माँड कंपनी नव्या रीतीने डोंगराएवढा सोडा काढत होती आणि तो जहाजाने कलकत्त्यास येऊनही यांच्यापेक्षा स्वस्त पडत होता. प्रयोगशाळेत पदार्थ तयार झाला म्हणजे काम संपते. कारखान्यात तेथून काम सुरू होते. ही गोष्ट कोणत्याही कॉलेजात त्या काळी शिकवत नव्हते, आणि आजही फारशी शिकवतात असे आम्हाला दिसत नाही.

तिसरा प्रयत्न हाडांचा. कलकत्त्याच्या खाटिकखान्यांतून हाडे मुबलक निघत आणि परदेशी रवाना होत. हाडे जाळली की राख उरते ती चुन्याच्या फॉस्फेटची. तिच्यावर गंधकाचे तेजाब घातले, पुढे सोड्याची क्रिया केली, की औषधी फॉस्फेट ऑफ सोडा मिळतो. प्रोफेसरसाहेबांनी गाड्याच्या गाड्या हाडे आणून घराच्या गच्चीवर वाळत घातली. थंडीचे दिवस होते, म्हणून पावसाची धास्ती नव्हती. नेमका अवकाळी पाऊस आला. हाडांना चिकटलेले मांस कुजले, दुर्गंधी सुटली, कावळे जमले आणि शेजाऱ्यांनी ओरड केली. शेवटी हाडे तेथून हलवून शहराबाहेर माणिकतल्ल्याकडे नेऊन जाळावी लागली. रसायनशास्त्राचा डॉक्टर, एशियाटिक सोसायटीत निबंध वाचणारा माणूस, गच्चीवरच्या सडक्या हाडांपायी शेजाऱ्यांची बोलणी खातो आहे, हे चित्र डोळ्यांपुढे आणावे. हा प्रयत्न मात्र फळला. कच्चा माल स्वस्त, गावातलाच, आणि तयार मालाला औषधांच्या बाजारात गिऱ्हाईक होते.

पुढे विलायती औषधकोशातली नेहमीची औषधे करायला घेतली. येथे अडचण मालाची नव्हती, नावाची होती. दुकानदार म्हणत, गिऱ्हाईक विलायती शिक्का मागते, तुमचा माल ठेवून काय करू? येथे कामास आले ते त्यांचे मित्र डॉ. अमूल्यचरण बसू. ते स्वतः धंदा करणारे डॉक्टर. त्यांनी या खटपटीत पैसा घातला, वेळ घातला, आणि मुख्य म्हणजे आपल्या व्यवसायबंधूंचे वजन आणले. राधागोविंद कर, नीलरतन सरकार यांच्यासारखे नामांकित डॉक्टर बंगाल केमिकलची औषधे लिहून देऊ लागले. अडुळसा, कुडा, कालमेघ, ओव्याचा अर्क ही आमच्या आजीच्या बटव्यातली औषधे अमूल्यबाबूंच्या आग्रहाने नव्या रीतीने बाटलीबंद झाली, आणि विलायती कंपन्यांशी ज्यात सामना नव्हता असा माल कारखान्याला मिळाला. बाजाराची जाण डॉक्टरांनी पुरवली. ती प्रोफेसरांजवळ नव्हती.

प्रोफेसरांचा दिवस कसा जाई? कॉलेजात तास, मग कॉलेजच्या प्रयोगशाळेत स्वतःचे संशोधन, दुपार कलल्यावर घरी, म्हणजेच कारखान्यात. तेथे दिवसाच्या मागण्या पाहून माल करणे, भरणे, पाठवणे. प्रकृती पहिल्यापासून नाजूक, पोटाचा विकार, झोप नाही. लग्न केले नाही. आणि याच धबडग्यात त्यांनी मर्क्युरस नायट्राइट हा संयुक्त पदार्थ प्रथम मिळवला आणि १८९६ साली त्यावरील निबंध प्रसिद्ध केला. त्यांचे शास्त्रज्ञ म्हणून नाव झाले ते यामुळे.

बहुतेक चरित्रकार येथे थांबून नमस्कार करतात. आम्हीही करतो. पण नमस्कार करून पगारपत्रक उघडतो, तेव्हा असे दिसते की प्रफुल्लचंद्र विज्ञान सोडून व्यापारात गेले, असे कधी घडलेच नाही. सरकारी कॉलेजचा पगार पहिल्या तारखेला येतच होता. सायट्रिक ॲसिड फसले, सोडा फसला, तरी चूल विझली नाही, कारण चूल कारखान्यावर नव्हतीच. नफ्याला हात न लावता तो पुन्हा धंद्यात घालता आला, कारण खाणे नफ्यातून नव्हते. आणि जे शोधले ते खुलेपणी छापता आले, कारण त्या शोधाचा मालक कोणी शेठ नव्हता. सर आल्फ्रेडनी अपमान म्हणून पुढे केलेले २५० रुपये हेच बंगाल केमिकलचे खरे भागभांडवल. आपल्याकडे लक्ष्मणराव किर्लोस्करांची हकीकत श्रोत्यांना ठाऊक असेल: मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षकाची नोकरी चालू असताना ते बायसिकली विकत घेऊन बेळगावला भावाकडे पाठवत, आणि रामूअण्णा तेथे दुकान चालवत. बढती डावलली गेली तेव्हा नोकरी सोडायला पाय टेकण्यापुरती जागा तयार होती.

मग विज्ञान सोडून पुरता व्यापारात उतरला असा या हकीकतीत कोणी आहे का? आहे. त्याचे नाव सतीशचंद्र सिंह.

सतीशचंद्र हे अमूल्यबाबूंचे मेहुणे. रसायनशास्त्रात एम्. ए. झालेले. त्या काळच्या एम्. ए. तरुणासमोर वकिलीचा किंवा सरकारी नोकरीचा मळलेला रस्ता होता आणि घरच्यांची अपेक्षाही तीच असायची. तो रस्ता सोडून सतीशचंद्र या भाड्याच्या घरातल्या कारखान्यात आले. पैसाही घातला आणि स्वतःलाही घातले. राय कॉलेजात असत, अमूल्यबाबू रोग्यांकडे असत. दिवसभर माल करणारा शिकलेला माणूस हाच. कारखाना कोठे पायावर उभा राहत होता, तोच प्रयोगशाळेत काम करताना हायड्रोसायनिक ॲसिडची बाधा होऊन सतीशचंद्र मरण पावले.

हे ॲसिड काय चीज आहे, ते आमच्या रासायनिक कारखान्यांतल्या कामगारांना सांगावे लागत नाही. त्या काळी ते पाण्यात अगदी सौम्य करून औषध म्हणूनही देत, म्हणून औषधांच्या कारखान्यात ते असणे नवल नव्हते. सौम्य न केलेले असले तर त्याची वाफ नाकात जाऊन माणूस काही मिनिटांत जातो. वास कडू बदामासारखा, आणि पुष्कळांना तो वास येतही नाही. आज आमची युनियन अशा ठिकाणी हवा खेचणारे पंखे, तोंडाला मास्क, हाताशी उतारा, आणि एकट्या माणसाला पाळीवर न ठेवणे एवढे मागते, आणि त्यासाठीही भांडावे लागते. त्या वेळी मागणार कोण? कारखान्यांचा कायदा होता तो मोठ्या कारखान्यांपुरता. कामावर मेलेल्या माणसाच्या घरच्यांना भरपाई द्यावी हा कायदा आपल्या देशात १९२३ साली झाला, आणि तोही मजुरासाठी. भागीदार होऊन स्वतःच्या हाताने काम करणाऱ्या एम्. ए.साठी नव्हे. हिंदुस्थानातल्या या नव्या उद्योगाचा पहिला बळी मजूर नव्हता, पदवीधर होता, ही गोष्ट आम्हाला फार दिवस अस्वस्थ करीत आली आहे. सतीशचंद्रांची पत्नी मागे राहिली. आचार्यांनी आत्मचरित्रात त्या प्रसंगी आपण आणि अमूल्यबाबू कसे सुन्न झालो, हे लिहिले आहे. आणि मग दोघे पुन्हा कामाला लागले.

पुढे १८९८ साली अमूल्यबाबू प्लेगने गेले. प्लेगाच्या रोग्यांना पाहणारे डॉक्टर होते ते. उरले एकटे प्रफुल्लचंद्र, आणि त्यांचा पगार.

याच वर्षांत आपल्या मुंबईत दुसरा एक रसायनशास्त्रज्ञ हाच डाव निराळ्या रीतीने खेळत होता. त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर हे मूळचे सुरतेचे. सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने १८९० साली बडोद्याला कलाभवन निघाले, त्यामागचे हेच. १८९६ साली ते मुंबईच्या विल्सन कॉलेजात आले. त्याच साली दामोदर चापेकरांनी राणीच्या पुतळ्याला डांबर फासले होते, आणि तो डाग विलायतेतल्या जाणकारांनाही निघेना. तो काढून दिला गज्जरांनी. (चापेकरांचा अभिमान बाळगणाऱ्या आमच्यासारख्यांना येथे काय म्हणावे ते सुचत नाही. रसायनशास्त्र म्हणून काम चोख होते. पुतळा आज भायखळ्याला राणीच्या बागेतल्या वस्तुसंग्रहालयाच्या आवारात आहे.) पुढे गज्जरांनी गिरगावात स्वतःची रसायनशाळा काढली, आणि डागळलेले मोती उजळण्याची कृती बसवून पैसाही मिळवला. पण हे कौशल्य एका माणसाच्या बोटांत होते. टिकला तो कारखाना त्यांच्या शिष्यांचा: कोटिभास्कर आणि भाईलाल अमीन यांनी १९०७ साली उभारलेला अलेम्बिक. गज्जरांनी मोत्यांवर मिळवले त्यापेक्षा वर्गात दिले तेच पुढे उपयोगी पडले, असे आमचे मत आहे.

बंगाल केमिकलने वळण घेतले ते १२ एप्रिल १९०१ रोजी. त्या दिवशी दोन लाखांच्या भांडवलाची लिमिटेड कंपनी म्हणून तिची नोंद झाली. कंपनी झाली म्हणजे हिशेब आले, भागीदारांची सभा आली, आणि मुख्य म्हणजे एका प्रोफेसरच्या पगारावर लटकलेले काम स्वतःच्या पायावर आले. १९०५ साली माणिकतल्ल्याला मोठा कारखाना उभा राहिला. तेथे गंधकाचे तेजाब करण्याची शिशाची दालने बांधली. हे तेजाब लोखंडाला खाते, लाकडाला खाते, शिशाला सहसा खात नाही. म्हणून गंधक जाळून निघालेला वायू, नत्राचे वायू आणि वाफ शिशाने मढवलेल्या प्रचंड खोल्यांत सोडतात आणि तळाशी तेजाब साचते. खते घ्या, औषधे घ्या, रंग घ्या, याशिवाय पान हलत नाही. शिवाय तेजाब बोटीवर चढवणे जोखमीचे आणि खर्चाचे, त्यामुळे जो येथे करील त्याला भाड्याचा फायदा आपोआप मिळतो. सोड्यात ठेच खाल्लेल्या माणसाने हा हिशेब आता आधी केला होता. यंत्रांची मांडणी आखण्यात प्रेसिडेन्सी कॉलेजचे डेमॉन्स्ट्रेटर चंद्रभूषण भादुरी यांचा हात मोठा. आचार्यांनी त्यांचे ऋण मोकळेपणी मानले आहे.

पण १९०१ नंतरची आमच्या मते सर्वांत महत्त्वाची घटना तेजाबाची नव्हे. १९०३ साली राजशेखर बसू हा रसायनशास्त्रात एम्. ए. झालेला तरुण कंपनीत केमिस्ट म्हणून लागला आणि पुढल्याच वर्षी व्यवस्थापक झाला. सुमारे तीस वर्षे त्यांनी कारखाना चालवला. बंगाली वाचक त्यांना 'परशुराम' या नावाने विनोदी कथाकार म्हणून आणि कोशकार म्हणूनही ओळखतात. म्हणजे कारखान्यात गेल्याने त्यांची विद्या मेली नाही. आता सतीशचंद्र आणि राजशेखर ही दोन माणसे शेजारी ठेवून पाहावी. पदवी तीच, विषय तोच, कारखाना तोच. मध्ये दहाएक वर्षे. एकाने येताना सर्वस्व पणाला लावले. दुसऱ्याने येऊन नोकरी धरली, दरमहा पगार घेतला, आणि जन्मभर धंदा सांभाळून साहित्याची सेवा केली. फरक धाडसाचा नव्हता. मधल्या काळात पगार देऊ शकेल अशी संस्था उभी राहिली होती. आचार्य राय बंगाली पदवीधरांना नोकरीमागे धावता म्हणून कठोर शब्दांत बोलत आणि मारवाडी व्यापाऱ्याचा कित्ता पुढे ठेवीत. त्यांच्याविषयी पूर्ण आदर ठेवून आम्हाला एवढे म्हणावेसे वाटते, की शेकडो पदवीधरांना त्यांनी प्रत्यक्षात जे दिले ते धाडसाचे व्याख्यान नव्हते, नियमित वेतनाची जागा होती.

स्वतःच्या पैशांबाबत मात्र त्यांची रीत कोणालाही झेपण्यासारखी नाही. १९१६ साली प्रेसिडेन्सी कॉलेजातून निवृत्त होऊन ते विद्यापीठाच्या सायन्स कॉलेजात प्राध्यापक झाले. १९२१ साली साठी पूर्ण झाली, तेव्हापासूनचा सर्व पगार त्यांनी रसायनशाखेसाठी विद्यापीठालाच देऊन टाकला, आणि १९३६ पर्यंत तसे शिकवले. राहत त्याच इमारतीतल्या एका खोलीत. तेथेच १६ जून १९४४ रोजी त्यांचा अंत झाला. असा माणूस शतकात एखादा. त्याचे उदाहरण दाखवून आजच्या तरुण संशोधकाला 'तुम्ही पगाराचे काय बोलता' असे कोणी विचारले, तर त्याला १८८९ सालचे गाऱ्हाणे वाचायला द्यावे. पगार कमी आहे हे रायांनी स्वतः, तोंडावर आणि अधिकाऱ्यापुढे सांगितले होते.

कारखाना वाढत गेला. पहिल्या महायुद्धात विलायती माल येईना तेव्हा बंगाल केमिकलने लष्कराला रसायने पुरवली. चहाच्या टाकाऊ पुडीतून कॅफीन काढले. १९२० साली पानिहाटीला दुसरा कारखाना झाला, १९३८ साली मुंबईला प्रभादेवीत तिसरा, १९४९ साली कानपूरला चौथा. प्रभादेवीची ती जागा म्हणजे आमच्या गिरणगावाचा उंबरठा. तेथल्या फिनेलचा आणि नॅप्थॅलीनच्या गोळ्यांचा वास चाळीतल्या प्रत्येक घराला माहीत आहे. तो बंगालमधल्या कोण्या प्रोफेसरच्या गच्चीवरून आला, हे मात्र फार थोड्यांना.

स्वातंत्र्यानंतर कंपनी आजारी पडली. १९७७ साली सरकारने तिचा कारभार ताब्यात घेतला, १९८० साली तिचे राष्ट्रीयीकरण झाले. पुढे वर्षानुवर्षे तोटाच. २०१६ च्या डिसेंबरात केंद्रीय मंत्रिमंडळाने कंपनी विकावयाचे ठरवले. आणि गंमत अशी की त्याच आर्थिक वर्षात तिने कित्येक दशकांनंतर प्रथमच नफा दाखवला. विक्रीविरुद्ध कलकत्त्याच्या उच्च न्यायालयात दाद मागितली ती कामगारांच्या युनियनने. २०१७ साली न्यायालयाने विक्रीचा तो निर्णय रद्द केला. तीन वर्षांनी करोनाची साथ आली, हायड्रॉक्सिक्लोरोक्विनच्या गोळ्यांची देशभर शोधाशोध सुरू झाली, आणि वर्तमानपत्रांना माणिकतल्ल्याचा हा कारखाना आठवला. त्या औषधाचा त्या रोगावर उपयोग नाही हे पुढे सिद्ध झाले. पण त्या दिवसांत माणिकतल्ल्याचे कामगार कामावर येत होते, आणि फाटकाच्या आत प्रफुल्लचंद्रांनी घालून दिलेले काम चालू होते.